उताऱ्यावरचे नाव

निपाणीजवळच्या आमच्या जुन्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात लग्नपत्रिका, देवाच्या पावत्या, तंबाखूच्या वखारीचे जुने हिशेब आणि जमिनीचे कागद असे सारे एकत्र नांदत असते. गेल्या दिवाळीत ती ट्रंक उतरवून आम्ही कागद लावावयास बसलो, तेव्हा एकाच शेताचे चार उतारे ओळीने हाती लागले. पहिला मोडीत, दुसरा बाळबोधीत, तिसरा हाताने लिहिलेला कन्नडमध्ये आणि चौथा यंत्रातून छापून आलेला, तोही कन्नडच. शेत तेच, बांध तेच, आंब्याचे झाडही तेच; वारसांची पिढी तेवढी बदलत गेलेली. परंतु आमच्या आजोबांचे नाव मात्र चार कागदांवर चार तऱ्हांनी आले होते असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आजोबांचे नाव ज्ञानबा. मराठी माणूस हे नाव ज्या उच्चाराने घेतो, तो कन्नड माणसाच्या कानावर वेगळाच पडतो. कारण ‘ज्ञ’ हे जोडाक्षर दोन्ही लिप्यांत असले तरी दोन्ही भाषांत त्याचा उच्चार एक नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला आणि पुढील काही वर्षांत दप्तरे कन्नडमध्ये उतरू लागली. उतरवून घेणाऱ्याने एका हिश्श्यावर ‘ज्ञानबा’ असे बरोबर लिहिले, दुसऱ्यावर कानाने ऐकले तसे ‘ग्यानबा’ लिहिले आणि तिसऱ्यावर ‘जानबा’. त्यात त्याचा काही दुष्ट हेतू होता असे आम्हांस मुळीच वाटत नाही. गावच्या तलाठ्याला तिघेही एकच हे ठाऊक होते, भावकीला ठाऊक होते, सोसायटीच्या सचिवालाही ठाऊक होते. त्यामुळे पस्तीस-चाळीस वर्षे कोणाचे काही अडले नाही.

अडले ते यंत्र आल्यावर. म्हणूनच आज आम्हांस वाचकांशी त्या यंत्राविषयी आणि ते यंत्र घेण्याचा निर्णय ज्यांनी केला, त्यांना काय समजावून सांगितले गेले असावयास हवे याविषयी बोलावयाचे आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु बडोदे, इंदूर, हैदराबाद किंवा आमच्यासारखे सीमेवरचे, जे मराठी कुटुंब दुसऱ्या भाषेच्या राज्यात घर करून राहते, त्याच्या दारी हा विषय आज ना उद्या येतोच.

सरकार एखादे नवे तंत्र विकत घेते किंवा तयार करवून घेते, तेव्हा त्याचा आरंभ एका टिपणाने होतो. खात्यातील अधिकारी टिपण तयार करतो, ते वित्त खात्यातून फिरते, सचिवांच्या मेजावरून मंत्र्यांपर्यंत जाते आणि शेवटी केव्हातरी त्या अधिकाऱ्याला दहा-पंधरा मिनिटे वरिष्ठांसमोर उभे राहून ‘हे काय आहे आणि कशासाठी’ ते सांगावे लागते. त्या पंधरा मिनिटांत काय सांगितले आणि काय राहिले, यावर लक्षावधी लोकांचे पुढचे व्यवहार ठरतात. वरिष्ठांना यंत्राचे अंतरंग कळावे अशी कोणाची अपेक्षा नसते. त्यांना कळावयास हवे असते ते एवढेच, की आपण ‘हो’ म्हटल्यावर कोणते जुने दार बंद होणार आणि त्या दारातून आजवर कोण कोण ये-जा करीत होते.

अशा प्रसंगांतला मराठी माणसाला ठाऊक असलेला प्रसंग डॉ. विजय भटकरांचा. १९८० नंतरच्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. हवामानाच्या कामासाठी धाकटे यंत्र मिळाले; बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवे होते ते थोरले यंत्र मिळाले नाही. तेव्हा पंतप्रधान राजीव गांधी यांनी भटकरांना बोलावून, आपण हे येथे करू शकू काय, किती वेळ लागेल, किती पैसा लागेल, असे थोडके व नेमके प्रश्न विचारले, हे भटकरांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितले आहे. १९८८ मध्ये पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेले ‘सी-डॅक’, उभे राहिले आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्या कथेतील महासंगणकाचे आम्हांला कौतुक आहेच. परंतु आमच्या ट्रंकेतील कागदांशी ज्याचा संबंध आहे, ते त्याच केंद्रातील दुसरे आणि कमी गाजलेले काम. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ सालची. पहिल्या प्रयोगासाठी देशातील आठ जिल्हे निवडले गेले, त्यांत महाराष्ट्राचा वर्धा होता. पुढे ती अनेक राज्यांत पसरली आणि बहुतेक ठिकाणी एकाच कारणाने बसली. नोंदी संगणकात भरल्या जात. परंतु गावी तलाठ्याची हातवही चालूच राही. खरेदी झाली, वाटणी झाली, बोजा चढला की नोंद हातवहीत पडे, यंत्रात नाही. वर्ष-सहा महिन्यांत यंत्रातील माहिती शिळी होई आणि मग तिच्याकडे पाहतो कोण?

कर्नाटकाने हीच योजना ‘भूमी’ या नावाने नव्याने बांधली. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तिची आज्ञावली लिहिली. महसूल खात्यातील राजीव चावला हे सनदी अधिकारी तिचे मुख्य चालक होते. मुख्यमंत्री होते एस. एम. कृष्णा. सुमारे दोन कोटी नोंदी, सदुसष्ट लाखांच्या आसपास खातेदार, पावणेदोनशेच्या वर तालुके एवढा तो पसारा. २००२ सालापर्यंत तालुक्या-तालुक्याच्या कचेरीत खिडकी उघडली. खिडकीत एक पडदा कारकुनाकडे तोंड करून आणि दुसरा शेतकऱ्याकडे. तेव्हा पंधरा रुपये भरावे लागत आणि छापील उतारा हाती मिळे. कन्नडमध्ये त्याला पहणी म्हणतात. आमच्याकडे मराठी माणसेही आता तोच शब्द वापरतात. ‘उतारा’ म्हटले की खिडकीतला मुलगा क्षणभर थबकतो.

भूमीच्या चालकांनी वरिष्ठांकडून खरी मंजुरी मिळविली ती संगणक खरेदीची नव्हे. ज्या तालुक्यात खिडकी उघडेल, त्या तालुक्यात त्या दिवसापासून हाताने लिहिलेला उतारा कायद्याने चालणार नाही, हा निर्णय त्यांनी करवून घेतला. हे सोपे काम नव्हते. राज्यात नऊ हजारांच्या आसपास ग्रामलेखापाल, म्हणजे आपले तलाठी. त्यांच्या हातातील लेखणी काढून घ्यावयाची, तर वरून भक्कम पाठिंबा हवा. शिवाय फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकालात निघावेत, मागचा पुढे जाऊ नये, अशी व्यवस्था यंत्रातच बसविली. कोणत्या अधिकाऱ्याने काय केले ते बोटाच्या ठशावरून नोंदले जाऊ लागले. अधिकाऱ्यांसाठी राज्यपातळीवर परिसंवाद झाले, विभागवार कार्यशाळा झाल्या. आरंभीच्या खिडक्यांपैकी एक मद्दूर तालुक्यात उघडली, आणि मद्दूर हा तर खुद्द मुख्यमंत्र्यांचा तालुका. हा योगायोग असेलही. परंतु ज्याला पटवावयाचे त्याला त्याच्याच गावच्या शेतकऱ्याच्या हाती कागद दाखवावा, याहून चांगले टिपण आम्हांला तरी सुचत नाही.

परिणाम लोकांना लगेच दिसला. बंगळूरच्या पब्लिक अफेअर्स सेंटरने २००२ च्या सुमारास केलेल्या पाहणीत, जुन्या पद्धतीत चिरीमिरी द्यावी लागली असे सांगणारे ६६ टक्के होते. खिडकीवर ते प्रमाण ३ टक्क्यांवर आले. आम्ही स्वतः पहिल्यांदा त्या खिडकीसमोर उभे राहिलो तेव्हा दहा मिनिटांत कागद मिळाला आणि कोणी चहाचेही नाव काढले नाही. पूर्वी त्याच कामासाठी आम्ही तीन-तीन हेलपाटे घातले आहेत. तलाठी आज बाजाराला गेलेत, उद्या बैठकीला आहेत, परवा दप्तरच दुसऱ्या गावी आहे. तेव्हा या यंत्राविषयी कृतज्ञता न बाळगणे हा कृतघ्नपणा ठरेल. काही अभ्यासकांनी २००७ मध्ये दुसरी बाजूही दाखविली, ती अशी की नोंदी सहज पाहता येऊ लागल्यामुळे बंगळूरच्या आसपासच्या मोठ्या जमीन खरेदीदारांचेच काम अधिक सोपे झाले. तोही मुद्दा टिपणात असावयास हवा होता. पण आमचा मुद्दा निराळा आहे.

आमच्या धाकट्या चुलत्यांना उसासाठी नदीवरून पाइपलाइन आणावयाची होती. कर्जाची बोलणी झाली, पाइपांचा भाव ठरला, चर खणण्याची माणसे ठरली. बँकेने ताजे छापील उतारे मागितले. चुलते ते घेऊन गेले, तेव्हा तेथील अधिकाऱ्याने तिन्ही कागद शेजारी ठेवून विचारले, की तुमच्या वडिलांचे नाव नेमके काय? यंत्राच्या लेखी एक हिस्सा ज्ञानबाचा, दुसरा ग्यानबाचा, तिसरा जानबाचा. आणि चुलते त्यांपैकी एकाचेच वारस. उरलेल्या दोघांचे वारस कोण, आणि त्यांची संमती कोठे?

चुलते तालुक्याच्या कचेरीत गेले. ती कचेरी कोणती हे सांगण्याची गरज नाही; कोणतीही असती तरी हेच झाले असते. तेथे सांगण्यात आले की यंत्रात आहे ते मूळ वहीत आहे तसेच उतरविले आहे, आणि ते खरेही होते. नोंदी भरण्याचे काम कंत्राटाने बाहेरच्या मंडळींनी केले होते. त्यांना दिसले ते त्यांनी टंकले. ज्या तलाठ्याला तिघे एकच हे ठाऊक होते, तो केव्हाच निवृत्त झाला होता, आणि त्याच्या जागी आलेल्याच्या हाती आता लेखणी नव्हती. पूर्वी तो आडवा येई तेव्हा आम्ही त्याला शिव्या देत असू. परंतु गावाची ओळखही त्याच्याच डोक्यात साठलेली होती, आणि लेखणीबरोबर तीही बाजूला झाली, हे आमच्या ध्यानात तेव्हा आले. अर्ज, प्रतिज्ञापत्र, पंचांचे जबाब, हरकतीसाठी नोटीस, आणि कोणी हरकत घेतो का म्हणून तीस दिवसांची वाट. पहिले दोन अर्ज कागद अपुरे म्हणून परत आले. प्रकरण प्रांतांकडे जाऊन परत आले. चौदा महिने गेले. पाइपांचा भाव तोवर चढला, कर्जाची मुदत उलटली आणि पाइपलाइन राहिली. चुलत्यांनी त्या रानात पुन्हा तंबाखूच लावली. पुढे तीन वर्षांनी ते गेले. ज्ञानबा आणि जानबा एक झालेले त्यांनी पाहिले. ग्यानबा तसाच राहिला होता.

आता सी-डॅकच्या त्या दुसऱ्या कामाविषयी. कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे संशोधन चालले होते, ते मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात आणून पुढे नेले. त्याचे नाव ‘जिस्ट’. त्यातील मूळ विचार फार सुंदर आहे. आपल्या बहुतेक लिप्या ब्राह्मीच्या लेकी. क, ख, ग हा क्रम साऱ्यांचा एकच. मग देवनागरी ‘क’ ला एक सांकेतिक अंक आणि कन्नड ‘क’ ला दुसरा कशासाठी? दोघांना एकच अंक द्यावा, आणि पडद्यावर कोणत्या लिपीचे वळण दाखवावयाचे ते वाचणाऱ्याने ठरवावे. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने हाच संकेत प्रमाण म्हणून स्वीकारला. पुढे सर्व जगासाठी जो युनिकोड संकेत आला, त्यात प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर मिळाले, तरी आपल्या लिप्यांच्या घरांतील मांडणी बव्हंशी त्याच क्रमाची राहिली.

म्हणजे कन्नड लिपीत भरलेले नाव बाजूला देवनागरीतही दाखविणे, ही भूमी घडत होती त्या वेळी अशक्य कोटीतील गोष्ट नव्हती. त्याने आजोबांचे नाव आपोआप दुरुस्त झाले असते असे नव्हे. ‘ग्यानबा’ देवनागरीतही ‘ग्यानबा’च दिसला असता. परंतु दिसला तर असता! नोंदी भरून झाल्यावर पडताळणीसाठी छापील प्रती निघाल्या, त्या वेळी आमच्या चुलत्यांच्या डोळ्यांना तो दिसला असता, आणि त्यांनी तेथल्या तेथे ‘अहो, हे नाव असे नाही’ म्हटले असते. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत, स्वातंत्र्याच्या आसपासचे. कन्नड ते बाजारात बोलत, उत्तम बोलत. वाचता येत नसे. सीमाभागातील त्या पिढीच्या कितीतरी माणसांची हीच स्थिती होती. शेतकऱ्याकडे तोंड केलेला तो दुसरा पडदा मुद्दाम त्याच्यासाठी बसविलेला, आणि आमचे चुलते त्याकडे पाहत आणि मान डोलवीत!

येथे वाचकांपैकी काहींच्या मनात सीमाप्रश्न येईल. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, त्यात निपाणी व खानापूर महाराष्ट्राकडे आणि जत व अक्कलकोट म्हैसूरकडे अशी केलेली शिफारस, महाराष्ट्राने ती नाकारणे, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा, हे सारे आपल्या घराघरांत पाठ आहे. त्यात आज आम्हांस शिरावयाचे नाही. सीमा कोठेही पडली तरी तिच्या दोन्ही अंगांना दुसऱ्या भाषेची घरे राहणारच. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड शेतकऱ्याला सातबारा मराठीत मिळत आला आहे, आणि त्याच्या आजोबांच्या नावाचेही आमच्या लोकांनी असेच काही केले असेल, याची आम्हांला खात्री आहे. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे, ‘ओ’ वेगळे. देवनागरीत लिहिताना तो भेद आपण सरळ गिळून टाकतो.

भाषिक अल्पसंख्यांसाठी संरक्षणे कागदावर आहेत. एखाद्या भागात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक असतील, तर महत्त्वाचे नियम, सूचना इत्यादी त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असे ठरून साठ वर्षे उलटली. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी घटनेच्या ३५०-ब कलमान्वये केंद्राचा आयुक्त असतो. परंतु उतारा हा नियमही नाही आणि सूचनाही नाही. तो एका माणसाचा, एका तुकड्याचा कागद. त्यामुळे मराठी परिपत्रकांची मागणी वर्षानुवर्षे गाजत राहिली, आणि ज्या कागदावर घरचे सारे अवलंबून, त्याच्या लिपीची चर्चा मात्र त्या मानाने मागे पडली. यात आमच्या पुढाऱ्यांचाही थोडा दोष आहे असे आम्ही नम्रपणे म्हणतो. निवेदने घेऊन शिष्टमंडळे गेली, तेव्हा त्यांच्या हातीही हा प्रश्न पंधरा मिनिटांत मांडता येईल अशा रूपात नव्हता.

दस्तनोंदणीची तऱ्हा तर अधिकच गमतीची. २००३ पासून कर्नाटकातील खरेदीखते, गहाणखते ज्या ‘कावेरी’ नावाच्या आज्ञावलीवर नोंदली जाऊ लागली, ती लिहिली पुण्यात, त्याच सी-डॅकमध्ये. मराठी माणसांच्या शेजारी बसून तयार झालेले ते काम बेळगावच्या मराठी माणसाला पोहोचले ते कन्नडमध्ये. यात सी-डॅकचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. ज्याने काम सांगितले त्याने जे मागितले ते त्यांनी दिले. मागण्यांच्या यादीत जे नसते ते यंत्रात उतरत नाही.

अलीकडे ही यादी थोडी लांबली आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून अंकीय सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. २०२२ च्या सुमारास केंद्राच्या भूमिसंसाधन खात्याने, पुन्हा सी-डॅकच्याच साहाय्याने, जमिनीच्या नोंदी आठव्या अनुसूचीतील भाषांच्या लिप्यांत दाखविण्याचे काम हाती घेतले. शिवाय जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला आकडे व रोमन अक्षरे मिळून चौदा चिन्हांची ओळख देण्याची योजना आहे. अशा ओळखीला ‘ज्ञ’ चा त्रास नाही, ही त्यातली सोय. परंतु यंत्राने केलेले लिप्यंतर आणि माणसाने वाचून ‘बरोबर आहे’ म्हटलेले नाव यांत अंतर आहे. पुढच्या एखाद्या टिपणात कोणी अधिकाऱ्याने एवढेच लिहावे, की नव्या लिपीतील नाव पक्के करण्यापूर्वी ते खातेदाराच्या घरी पाठवावे आणि दुरुस्तीसाठी त्याला एक रकाना मोकळा द्यावा. खर्च टपालाचा, आणि चौदा महिने वाचतील.

ट्रंकेतील कागद लावून झाल्यावर आम्ही चौथा उतारा सोप्यावर घेऊन बसलो. काकू, म्हणजे त्या चुलत्यांच्या पत्नी, आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची नात गावच्या मराठी शाळेत सातवीत शिकते. शाळेत कन्नड सक्तीचे असल्यामुळे ती भरभर वाचते. तिने सर्वे नंबर वाचला, हिस्सा वाचला, आकार वाचला आणि मग खातेदाराच्या रकान्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचले, “ग्यानबा.”

काकू तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी वर पाहिले. “कोण गं हा?” त्या म्हणाल्या.

दुरुस्तीचा अर्ज आम्ही पुढच्या सोमवारी पुन्हा दिला आहे. नाव देवनागरीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिप्यांत लिहिले आहे. कन्नड अक्षर त्या मुलीचे आहे.